कॉफीवाल्या अक्का

"थांब वं, निवू दे जरा."

कॉफीच्या वाटीकडे माझा हात गेला की अक्का असं म्हणायच्या आणि वाटीवर आपला तळहात आडवा धरायच्या. "गरम असलं की बठ्ठंच, सगळंच चांगलं लागस. निवल्यावर कॉफी खरं बोलते."

तुम्ही आमच्या खानदेशातले असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे निवलेला चहा मोरीत ओततात. निवायची वाट पाहत बसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आणि तीही कशी, तर घड्याळाकडे न बघता, भिंतीला पाठ टेकून, पाहुणा यायचा आहे अशा चेहऱ्यानं.

धुळ्यात देवपूरला आमचं बैठं घर आहे. मी काळा मसाला करून विकते. कांदा, खोबरं, धणे, दगडफूल भाजायला घेतलं की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. त्यामुळे शेजारी कुणी नवं राहायला आलं की पहिल्या आठवड्यात तक्रार येणार, हे मी धरूनच चालते. अक्का आल्या तेव्हाही कुंपणापाशी त्यांना उभ्या पाहून मी मनातल्या मनात माफी जुळवायला लागले.

त्या म्हणाल्या, "तुझं खोबरं उतरव. आणखी थोडं राहिलं तर कडू होईल."

मी कढईत पाहिलं. खोबरं चांगलं सोनेरी दिसत होतं. तरी उतरवलं. खोबऱ्याचे दोन काप तळाशी काळपट झाले होते, ते वरून दिसत नव्हते.

"तुम्हाला तिथून दिसलं?"

"दिसायला कशाला पाहिजे," अक्का म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

ज्या नाकावर ह्या बाईनं सारा जन्म काढला, ते नाक मात्र पाहण्यासारखं मुळीच नव्हतं. लहानसं, जरा बसकं, चष्मा धरून ठेवण्यापुरतं. बाकी अक्का उंच आणि काटक. सुती साडी, पायात कापडी बूट. त्यांचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. धुळ्याला बीएस्सी केली आणि पेपरातली जाहिरात वाचून थेट चिकमगळूरला गेल्या, कॉफीच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी. बापानं बोलणं टाकलं. ते पुढे सुरू झालं, पण अक्का काही परत आल्या नाहीत. आधी कारखान्यात आणि मग डोंगरावरच्या एका मळ्यात कॉफीची चव पाहणं हे त्यांचं काम झालं. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "ते राहिलं." बसमध्ये छत्री राहावी तसं.

"तिकडे मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात," त्या एकदा म्हणाल्या. "जाताना बठ्ठं बदलावं लागलं. भाकरी, भाषा, पांघरूण. हाकच तेवढी तीच राहिली."

निवृत्त झाल्यावर हिवाळ्यात भरीत खायला मिळावं म्हणून आपण धुळ्याला आलो, असं त्या सांगत. आम्हाला ती थट्टा वाटायची. नंतर कळलं, थट्टा नव्हती.

गल्लीनं मात्र त्यांच्याविषयी आधी भलतंच ठरवलं होतं. कारण असं, की थंडी सरता सरता अक्कांकडे मळ्यावरून एक पार्सल यायचं. त्यात कच्च्या कॉफीच्या तीन पुरचुंड्या. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा, एकीला निळा. कुठली पुरचुंडी मळ्याच्या कुठल्या भागातली, हे मुद्दाम सांगितलेलं नसायचं. अक्का त्या बिया घरीच हलक्या भाजायच्या, दळायच्या, पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्यांत घालून वर कढत पाणी ओतायच्या. मग वर आलेली साय चमच्यानं मोडून वाटीवर वाकायच्या. आणि त्यानंतर चमचाभर कॉफी अशा जोरात ओढायच्या, की तो 'सुर्रर्र' रस्त्यापर्यंत ऐकू यावा. ओढली की तोंडात घोळवायची आणि उभ्या गडूत थुंकून टाकायची.

खिडकीतून कुणीतरी ते पाहिलं. चार घरांत बातमी गेली, की नव्या बाई तंबाखू खातात, किंवा त्यांना काही दुखणं आहे. समोरच्या घरातून तर ज्येष्ठमधाची पुडीही आली. अक्कांनी ती ठेवून घेतली आणि निरोप पाठवला, "छान आहे, जुनी नाही." पुडी खरोखरच नवी आणलेली होती.

मी विचारलं, "एवढा आवाज कशाला करायचा?"

"हवा आत गेली पाहिजे. चव जिभेवर थोडी आणि नाकात फार असते. तू भाजी चाखताना फुंकर मारतेस, मी ओढते, इतकंच."

तीन वाट्या झाल्या की त्या फोन लावायच्या. पलीकडे मळ्याचा मालक. हा पोरगा चड्डीत शाळेत जायचा तेव्हापासून अक्कांनी त्याला पाहिलेला. आता वडील जाऊन मळा त्याच्याकडे आला होता, त्याचीही दाढी पिकायला लागली होती, पण अक्का त्याचा उल्लेख 'चिरंजीव' असाच करायच्या. दोघं कानडीत बोलायचे. मला शब्द कळायचे नाहीत, पण ओघ कळायचा. अक्का एक वाक्य बोलायच्या आणि पलीकडे तो हसायचा. फोन ठेवला की मला सांगायच्या, "त्याला म्हटलं, यंदा झाडं फुलवणारा फुलांचा पाऊस उशिरा आला ना? नंतर ऊन कडक पडलं ना? तो म्हणतो हो."

"हे वाटीतून कळतं?"

"मग कशातून कळणार?"

माझा विश्वास बसेना. माझं माहेर रावेरकडचं, केळी-कापसाचं. पीक बघून पाऊस सांगणारे माझ्या घरात खूप होते, पण उकळून, गाळून, पोटात गेलेल्या गोष्टीवरून पाऊस सांगणारं कुणी नव्हतं.

अक्कांनी मला माझ्याच माहेरावरून समजावलं. "भरताचं वांगं तुमच्याकडचं घेते ना तू? बी आणून इथे धुळ्याच्या माळावर लाव. वांगं होईल. भरीत होईल का?"

"होईल. पण ते नाही होणार."

"आणि तुमच्याकडचंच वांगं उन्हाळ्यात?"

"छे. थंडी पाहिजे."

"झालं तर," अक्का म्हणाल्या. "कॉफीचं तेच शे. डोंगराच्या माथ्यावर थंडी असते, धुकं असतं, वर उंच झाडांची सावली असते. तिथे फळ हळू पिकतं. हळू पिकलं की दाणा घट्ट होतो आणि त्यात आंबट-गोड साठतं. खाली ओढ्याकाठी ऊन जास्त, उकाडा जास्त. फळ घाईनं लाल होतं. रंग तोच, पण आत काही बसायला वेळ मिळत नाही. पावडर टाकून पिकवलेलं केळं आणि भट्टीत पेंढ्यात पिकवलेलं केळं, तुला डोळे झाकून ओळखू येईल की नाही?"

ओळखू येईल, हे मला कबूल करावं लागलं.

मला त्यांचं आवडायचं ते हे, की एवढं जाणूनही त्या कुणाच्या कॉफीला नावं ठेवत नसत. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात संध्याकाळी कॉफी आली. आपली नेहमीची, दूध आटवलेली, जायफळ घातलेली, साखरेनं ओठ चिकटणारी. मी अक्कांकडे पाहत राहिले. त्यांनी कप संपवला, आणखी अर्धा मागून घेतला. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "ही कॉफी नाही. पण चांगली शे."

महामारीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अक्कांना ताप आला. दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही. मी दारात डबा ठेवायची, त्या खिडकीतून हात हलवायच्या. बऱ्या झाल्या, पण उतरल्या. गळ्याची हाडं वर आली. मला वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं.

पावसाळ्यात एकदा सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर पाय ठेवला आणि करपलेल्या दुधाचा वास नाकात शिरला. स्वयंपाकघरात धूर भरला होता. पातेल्यातलं दूध आटून काळं ठिक्कर झालं होतं, आणि गॅसपासून दोन हातांवर अक्का टेबलाशी पेपर वाचत बसल्या होत्या.

"अक्का, दूध करपलं."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो का," म्हणाल्या, आणि पेपरची घडी घालायला लागल्या. घडी नीट बसेना.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेल्यात पाणी ओतलं. मग मी विचारलं, "कधीपासून?"

"तापापासून. वाटलं, येईल परत. लोकांचं आलं ना." पेपर बाजूला सारून त्या म्हणाल्या, "माले काहीच येत नही वं, मंदा. साबण नही, कांदा नही. कॉफी नही."

अक्का माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठीत अहिराणीची फोडणी टाकायच्या. त्या दिवशी मराठी संपलीच होती.

मी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, परत येईल किंवा नाही, सांगता येत नाही. पण रोज ठरलेले चार वास हुंगायचे आणि तो वास कसा होता हे मनात आणायचं. मग आमचा तो नेमच झाला. माझ्या मसाल्याच्या डब्यातून लवंग, वेलदोडा, दगडफूल आणि एक लिंबाची साल घेऊन मी सकाळी त्यांच्या ओट्यावर जायची. अक्का एकेक डबी नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या. शाळेतल्या मुलीसारख्या पाठ ताठ करून बसायच्या. बरेच दिवस काही झालं नाही. दिवाळीच्या सुमारास लवंगेची डबी हुंगताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आलं?"

"आलं. पण रॉकेलसारखं आलं." आणि त्या हसल्या. "इतक्या लांबून आली बिचारी, आणि येताना रॉकेल घेऊन आली."

त्याउपर काही आलं नाही.

थंडी सरता सरता पार्सल आलं. त्याआधी चिरंजीवाचा फोन येऊन गेला होता. तो फोन अक्कांनी मला सविस्तर सांगितला, तेव्हाच मला कळलं की ह्या खेपेला गोष्ट साधी नाही. तिकडे उकाडा वर्षावर्षाला वाढत होता. पाऊस यायचा तेव्हा येत नव्हता, नको तेव्हा येत होता. मळ्यावर सल्ल्याला ठेवलेल्या माणसाचं म्हणणं असं होतं, की माथ्यावरची जुनी उंच झाडं पाडून टाकावी, तिथली नाजूक अरेबिका काढावी आणि सगळीकडे रोबस्टा लावावी. रोबस्टा म्हणजे कॉफीतली रांगडी जात. ऊन सोसते, खाली-वर कुठेही येते, कडवट आणि जाड लागते. वर माथ्याच्या कॉफीला यंदा काहीतरी झालं आहे, असं सगळेच म्हणत होते. चिरंजीव म्हणाला होता, अक्का, तुम्ही सांगा. माथा आता पूर्वीचा राहिला नाही असं तुमच्या जिभेला वाटत असेल, तर मी झाडं पाडतो.

ती झाडं त्याच्या वडिलांनी लावलेली होती. अक्का नोकरीला लागल्या तेव्हा ती हातभर होती.

"त्याला माहीत नाही का?" मी विचारलं.

"काय?"

मी माझ्या नाकाला बोट लावलं. अक्कांनी मान हलवली. नाही सांगितलं.

दोन दिवस पुरचुंड्या टेबलावर तशाच पडून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. वाट्या मांडलेल्या होत्या. म्हणाल्या, "नाक तुझं. अर्थ मी लावते."

"मी मसाला करणारी बाई, अक्का. मला कॉफीतलं काय कळतं?"

"कळायचं काम माझं. तुला काय आठवतं तेवढं सांग. मनाला ताण देऊ नको."

लाल दोऱ्याची वाटी पहिली. मी वाकले. "भाजलेल्या शेंगांची टरफलं. तोंडात घेतल्यावर जाड आहे. बसून राहते."

"ओढ्याकाठची," अक्का म्हणाल्या. "खालची. पुढे."

पांढऱ्या दोऱ्याची. "काकवी. गुऱ्हाळावर गेल्यासारखं वाटतं."

"मधला उतार. यंदा बरा झालेला दिसतो."

निळ्या दोऱ्याच्या वाटीवर मी जरा जास्त वेळ वाकून राहिले. "निंबाचा मोहर," मी म्हटलं. "आणि मग बोर. मेहरूणचं, अर्धं पिवळं असतं ना, तसं. आंबट, पण मागून गोड."

अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. "थांब आता. निवू दे."

वाटी निवली. मी पुन्हा चमचा ओढला, गिळला, आणि माझं तोंड वाकडं झालं. "अक्का, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. पावसात पोतं भिजून कोपऱ्यात पडलेलं असतं, तसा."

त्या एकदम ताठ बसल्या. "बोर आहे का गेलं? नीट बघ."

मी पुन्हा ओढला. "आहे. पोत्याखाली दबलं आहे. पण आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. दोरे काढून टाकले, वाट्या उलटसुलट केल्या. मी माथ्याची वाटी ओळखली. गोणपाट पुन्हा सापडलं. तिसऱ्या दिवशीही सापडलं. चौथ्या दिवशी मी चांगली सरावले होते. तीन वाट्यांतल्या तीन निरनिराळ्या चवी खुलवून सांगितल्या. अक्का शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तिन्ही वाट्यांत ओढ्याचीच कॉफी होती."

मी ओशाळले. अक्का मात्र मनापासून हसल्या, तापानंतर पहिल्यांदाच. "नाक चांगलं शे तुझं. तोंड फार चालस."

पण गोणपाटाविषयी त्यांची खात्री पटली होती. त्या येरझारा घालत बोलत होत्या. "माथा बिघडला असता तर बोर गेलं असतं. कॉफी सपाट लागली असती. बोर जागेवर आहे. म्हणजे फळ हळूच पिकलं, झाडांनी आपलं काम केलं. वेचणीच्या वेळी पाऊस आला असणार. फळं ढगाखाली वाळत पडली, ओल धरली. माल खळ्यावर बिघडला, रानात नाही."

त्यांनी फोन हातात घेतला. मी सहज म्हटलं, "माझ्या नाकाचं सांगायलाच पाहिजे का? बरोबर तर आहे सगळं."

"बरोबर असलं तरी कुणाचं ते सांगावं लागतं," अक्का म्हणाल्या. "उद्या झाडं उभी राहतील ती माझ्या शब्दावर. शब्दात अर्धी तू आहेस."

मला त्यांची भीती दिसत होती. चिरंजीवाच्या लेखी अक्का म्हणजे ती जीभ होती. जीभ गेली असं सांगितल्यावर पुढच्या वर्षी पुरचुंड्या कशाला येतील? अक्कांच्या आयुष्यात डोंगराकडून येणारं तेवढं एकच तर राहिलं होतं.

त्या उभ्या राहूनच बोलल्या. कानडीत, सावकाश. मधे एकदा माझं नाव आलं. मग त्या थांबल्या. मग तिकडून एकच वाक्य आलं, आणि अक्का मटकन खुर्चीत बसल्या. तोंडाला पदर लावून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

तो माझ्याशी हिंदीत बोलला. आवाज मऊ होता. पोत्याचा वास गरम असताना आला की थंड झाल्यावर, असं विचारलं. थंड झाल्यावर, मी म्हटलं. वेचणीच्या वेळी तिथे खरंच आठवडाभर पाऊस होता, असं त्यानं सांगितलं. माथ्यावरची शेवटची वेचणी पाऊस थांबल्यावर कडक उन्हात वाळवली आहे, ती थोडी वेगळी ठेवली आहे, तेवढी पाठवतो, तुम्ही दोघी पाहा, म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी अक्कांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणाला तो?"

त्यांनी तोंडावरचा पदर काढला.

"म्हणाला, अक्का, मग तुम्ही जेवता कशा?"

मी त्यांना रोज डबा देत होते, रोज लवंग हुंगवत होते. पण भरीत खायला म्हणून एवढ्या लांबून परत आलेली ही बाई नुसतं मीठ आणि तिखट चाखत जेवते आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. चवीच्या धंद्यातल्या माणसालाच ते सुचलं. त्या संध्याकाळी मी अक्कांना आमच्याकडे जेवायला आणलं, आणि मग त्या रोजच येऊ लागल्या. चव नसली तर सोबत तरी असावी. त्या ताटात हाताला वेगवेगळं लागेल असं वाढायला सांगायच्या. कुरकुरीत पापड, मऊ खिचडी, वर कच्चा कांदा. "चावायला तरी करमणूक पाहिजे," म्हणायच्या.

शेवटच्या वेचणीची पुरचुंडी आली. तिला दोराच नव्हता. मी ती गरम चाखली, निववून चाखली, पूर्ण थंडगार करून चाखली. गोणपाट नव्हतं. होतं ते बोर.

चिरंजीवानं माथ्यावरची झाडं ठेवली. खळ्यावर छप्पर घातलं आणि फळं वाळवायला जाळीच्या बाजा केल्या, खालून वारा लागावा म्हणून. सगळं काही वाचलं नाही. खालच्या ओढ्याकाठची अरेबिका त्याला काढावीच लागली, तिथे आता रोबस्टा आहे. अक्का म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. ओढ्याला आता ती थंडी मिळत नाही. माथ्याला अजून मिळते. मिळेल तोवर मिळेल."

अक्का आता नाहीत. पुढच्या हिवाळ्यात भडगावला पुतण्याकडे गेल्या होत्या, तिथे छातीत कफ झाला आणि त्यातच त्या गेल्या. गिरणेच्या काठावर त्यांना पोचवून आम्ही परत आलो. मी मसाला करते. कुंपणापलीकडे कुणी आलं, की नकळत कढई खाली उतरवते.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. झाडं राहणार हे नक्की झालं, त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी चिरंजीवाचा फोन आला. फुलांचा पाऊस पडला होता. कॉफीच्या झाडाला असा एक पाऊस लागतो, आणि तो पडला की आठवड्या-दहा दिवसांत सगळा मळा एकदम फुलतो आणि दोन-तीन दिवसांत झडतो. तो म्हणाला, या. अक्का नको म्हणत होत्या. "मी जाऊन काय करू? त्या फुलांत वासाशिवाय काय आहे?" मीच हट्ट धरला. मला ते बोर जिथून येतं ती जागा पाहायची होती. आमचे हे म्हणाले, जाऊन ये, मसाला काही पळून जात नाही.

गाड्या बदलत आम्ही पोचलो. धुळ्यात तेव्हा पंखे फिरायला लागले होते. तिथे सकाळी मला अक्कांची जुनी शाल घ्यावी लागली. चिरंजीवानं जीपमधून माथ्याच्या खालपर्यंत नेलं, पुढे पायवाट. धुकं विरत होतं. उंच झाडांच्या सावलीत, खांद्याएवढ्या झुडपांवर, फांदीफांदीला पांढरं लगडलं होतं. आणि वास. मोगऱ्यासारखा, पण मोगऱ्याहून हलका, ओल्या मातीत मिसळलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मला एकटीला तो येत होता म्हणून. अक्कांकडे बघवेना. तरी सवयीनं मी तोंड उघडलं.

"अक्का, मोगऱ्यासारखं…"

"नको सांगू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी चष्मा पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि एक फांदी हातात धरून डोळ्यांजवळ आणली. बराच वेळ ती फिरवून पाहिली. पाच पाकळ्या, मधे बारीक तुरे, पानाच्या बगलेत घोस, घोसावर मधमाश्या.

"इतकी वर्षं फुलं आली की मी इथे यायची," अक्का म्हणाल्या, "आणि डोळे मिटून घ्यायची. वास घ्यायचा ना. ही दिसतात कशी, ते मी कधी पाहिलंच नव्हतं, मंदा."

खालून चिरंजीवानं न्याहारीला हाक मारली. अक्का म्हणाल्या, "तू हो पुढे. मी येते."

मी उतरायला लागले. वळणावर थांबून मागे पाहिलं. लग्नघरी आलेलं मोठं माणूस प्रत्येकाला भेटत पुढे जातं, तशा त्या एकेका झाडापाशी थांबत, फांदी धरून निरखत, हळूहळू वर चालल्या होत्या.